वाचकांचे प्रश्न : बेताच्या पैशांत सवारीचा घोडा

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. त्याची चाहूल लागली की या सदराकडे घोड्यांविषयीची पत्रे वाढतात. या अंकात त्यातल्या सहा पत्रांना उत्तरे देत आहोत.

माझे वजन ६२ किलो, मुलीचे ४५. दोघांनी सवारीचे प्राथमिक वर्ग केले आहेत. एका पैदास करणाऱ्याकडे दीड लाखात तीन वर्षांचा मारवाडी जातीचा नर आहे आणि त्याच भावात नऊ वर्षांची घोडी. ‘लहान घ्या, तुमच्या हाताखाली तयार होईल,’ असे तो म्हणतो. काय घ्यावे? (वाचक, फलटण)

घोडी घ्या. तिसऱ्या वर्षी घोडा दिसायला पूर्ण वाटतो, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या-साडेपाचव्या वर्षापर्यंत चालू असते. त्याला शिकवायला जाणकार माणूस वर्ष-दोन वर्षे लागेल आणि त्याचा पगार धरला तर भाव सारखा राहत नाही. शिवाय तो खच्ची केलेला नसेल, तर शेजारच्या रानात घोडी चरत असताना त्याला आवरणे नवख्याचे काम नव्हे.

घोडी खरोखर नऊ वर्षांची आहे का, ते दातांवरून पाहा. समोरचे कायमचे दात अडीच वर्षांना मधले, साडेतीनला त्यांच्या शेजारचे आणि साडेचारला कडेचे येतात. पाचव्या वर्षी तोंड भरते. खालच्या दातांवरचे काळे खड्डे सहाव्या ते आठव्या वर्षांत क्रमाने झिजून जातात. वरच्या कडेच्या दातावर हिरडीशी उभी खाच साधारण दहाव्या वर्षी उमटते, पंधराव्या वर्षी ती अर्ध्या दातापर्यंत आलेली असते. ‘नऊ’ सांगितलेल्या घोडीची खाच अर्ध्यावर असेल तर काय समजायचे ते तुम्हाला कळले. तरी पंधरा वर्षांची, पायाने नीट, शांत घोडी तुमच्या कामाला वाईट नाही. फक्त तिला नऊ वर्षांचा भाव देऊ नका.

ती तुमचे वजन पेलेल का, हे टेपने काढा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, हे झाले अंदाजे वजन किलोत. घेर १६८ आणि लांबी १४८ भरली तर सुमारे ३५२ किलो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांत बसावेत, म्हणजे इथे ७० किलो. तुम्ही ६२, खोगीर ८ धरले तर तुम्ही अगदी काठावर आहात. याहून हलकी घोडी फक्त मुलीसाठी ठीक.

घोडी गाभण नाही ना, हे पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. अकरा महिन्यांच्या गाभणकाळात पहिले काही महिने बाहेरून काहीच दिसत नाही.

सारंगखेड्यात एकसारखे दिसणारे दोन घोडे पाहिले. एकाचे पाच लाख, दुसऱ्याचे सत्तर हजार. स्वस्तातल्याचा ‘भोवरा वाईट’ आहे म्हणे. त्यात काही तथ्य आहे का? (वाचक, धुळे)

सवारीपुरते नाही. भोवरा म्हणजे केसांची गोल फिरलेली जागा. गळ्याखालचा देवमण शुभ, आणखी कुठला अशुभ, अशी मोठी यादी बाजारात चालते आणि तिच्यावर हजारो रुपये वरखाली होतात. घोड्याची चाल, पाय, फुप्फुसे यांच्याशी तिचा संबंध नाही.

बाजारात पैसा कशाला मिळतो? उंचीला, टोके एकमेकांना टेकणाऱ्या कानांना, नुकरा (पांढरा) किंवा अबलख (पांढऱ्यावर गडद पट्टे-ठिपके असलेला) रंगाला आणि लग्नाच्या वरातीत नाचण्याला. तुम्हाला यातले काहीच नको आहे. म्हणून स्वस्तात सवारीचा घोडा शोधणाऱ्याने पैदास करणाऱ्याला सरळ विचारावे, ‘प्रदर्शनाला चालणार नाही असे काय आहे?’ ५८ इंची कुमैत (तांबूस-तपकिरी), कान थोडे उघडे, भोवरा ‘चुकीचा’, पण पाय सरळ आणि स्वभाव थंड, असा घोडा त्याच्याही पागेत जागा अडवून बसलेला असतो. मात्र उद्या विकायला गेलात की तोच भोवरा तुमचाही भाव पाडेल, हे लक्षात ठेवा.

नाचकामाचा घोडा स्वस्तात मिळाला तरी जरा थांबा. पाय उचलून जागीच नाचण्याची सवय त्याला कडक लगाम ओढून लावलेली असते. तुम्ही लगाम धरला की तो नाचायला लागतो, पुढे चालत नाही.

उंचीबाबत एक फसवणूक नेहमीची आहे. टेप अंगाच्या फुगवट्यावरून नेली की दोन इंच सहज वाढतात. खुराजवळ सरळ काठी उभी करा आणि खोगिराच्या जागेपुढे, मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यावर आडवी पट्टी टेकवून मोजा. जमीन सपाट हवी.

पैदास करणाऱ्याच्या घरी घोडा पाहायला जाताना क्रमाने काय तपासावे? (वाचक, बार्शी)

आधी फोनवर सांगा, ‘आम्ही येईपर्यंत घोडा बाहेर काढू नका, खोगीर घालू नका.’ पोहोचल्यावर छातीवर आणि तंगाच्या (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) जागेवर हात फिरवा. घाम किंवा वाळलेले मीठ लागले तर सकाळी पळवून दमवलेला घोडा तुम्हाला ‘शांत’ म्हणून दाखवला जातोय.

मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा माणूस) मोरकी कशी घालतो, चारही खूर कसे उचलतो, ते बघा. मागच्या खुराला हात लावू देत नसेल तर नालबंदाकडे दर वेळी तमाशा होईल. ओठांचे कोपरे आणि जीभ पाहा. तिथे जुने कापलेले वण असतील तर तो काटेरी लगामावर चालतो आणि साध्या लगामावर थांबेलच असे नाही. पाठीवर खोगिराच्या जागी पांढरे केस म्हणजे जुनी जखम. आगाडी-पिछाडीच्या दोरांचे हलके व्रण बहुतेकांच्या पायांवर असतात, त्यांना घाबरू नका. पण त्या जागी सूज, ऊब किंवा दुखरेपणा असेल तर सोडून द्या. समोरच्या दातांची धार पुढून तिरकी झिजली असेल तर गव्हाण चावून हवा गिळण्याची खोड असू शकते. गव्हाणीची कडा बघितली की खात्री होते. ही खोड सहसा सुटत नाही.

पायांवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण स्वस्त घोडा महागात पडतो तो इथेच. आधी उभ्याने दोन्ही पुढचे पाय हाताने चाचपून ऊब, सूज आणि फरक शोधा. मग कडक जमिनीवर, दोर सैल सोडून, सरळ रेषेत दुडकीने पळवायला सांगा. दोर आखडून धरला तर डोके हलत नाही आणि लंगडणे लपते. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली करतो. मागच्या पायात दोष असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. नंतर डावीकडे आणि उजवीकडे छोट्या गोलात पळवा, बरेच दोष तिथेच उघडे पडतात. खूर उचलून तळ पाहा. मधल्या मऊ त्रिकोणाला कुजट वास किंवा काळा चिकट द्रव असेल तर जागा ओली राहते. ते बरे होते, पण पागा कशी ठेवली आहे ते कळते.

आता मालकाच्या माणसाला आधी बसू द्या. तो बसायला कचरत असेल तर तुम्ही अजिबात बसू नका. मग तुम्ही बसा. चालणे, दुडकी, मंद दौड, थांबणे, आणि पागेपासून दूर एकट्याने जाणे, हे सगळे करून बघा. पुष्कळ घोडे सोबत्यांपासून दूर न्यायला लागले की अडतात.

विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असावा. दौडीनंतर दहा मिनिटांनी नाडी ६० च्या आसपास खाली यायला हवी. बरगडीखालचा भाग दुहेरी हिसका देत श्वास सोडत असेल तर फुप्फुसाचा जुना विकार समजा.

वेदनाशामक दिलेला घोडा एखाद-दुसरा दिवस नीट पळतो. म्हणून तीन-चार दिवसांनी, न सांगता, दुसरी फेरी मारा. महागडा घोडा असेल तर तपासणीच्या दिवशीच रक्ताचा नमुना काढून ठेवायला पशुवैद्यकाला सांगा.

कागदपत्रे कोणती मागावीत? (वाचक, जालना)

सगळ्यात आधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची चाचणी निगेटिव्ह असल्याचा अहवाल, आणि तो ताजा हवा. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोडा कायद्याने नष्ट करावा लागतो. त्यामुळे ‘नंतर करून देतो’ या शब्दावर पैसे देऊ नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत रक्त तपासणीला पाठवता येते. त्याच वेळी घोड्यांच्या संसर्गजन्य पंडुरोगाची आणि सर्राची चाचणी मागा. चावऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रात मधूनमधून ताप येतो आणि खाणे चांगले असूनही घोडा वाळत जातो.

नोंदणीकृत मारवाडी म्हणून जादा पैसे मागत असतील तर घोड्याचा पासपोर्ट (ओळखीची पुस्तिका) पाहा आणि मायक्रोचिपचा क्रमांक यंत्राने वाचून जुळवा. विक्रीच्या पावतीवर रंग, कपाळावरचा टिळा, कोणता पाय कुठपर्यंत पांढरा, भोवऱ्यांच्या जागा, वय आणि माहीत असलेल्या खोडी लिहून सही घ्या. वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा दाखला सोबत असू द्या. घरी आल्यावर तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळा बांधा. बादली आणि खराराही वेगळा ठेवा.

आमच्याकडे गाईंचे खाद्य भरपूर आहे. तेच घोड्याला चालेल ना? (वाचक, संगमनेर)

नाही. गाई-कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते आणि घोड्याला ते थोड्या प्रमाणातही जीवघेणे ठरते. युरिया घातलेले खाद्यही नको. कोवळी हिरवी ज्वारी टाळा. एक तर विषबाधेचा धोका, आणि सतत दिल्यास घोड्याचे मूत्राशय आणि मागचे पाय निकामी होऊ शकतात.

३५० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण सात किलो कोरडा आहार लागतो. त्यातला बहुतेक भाग वाळलेले गवत असावे आणि ते तीन-चार वेळा विभागून द्यावे. हलक्या कामाला एक-दोन किलो जई (ओट) किंवा भिजवलेला हरभरा पुरतो. तो दोन तोबऱ्यांत (तोंडाला बांधायच्या खाद्याच्या पिशव्या), म्हणजे दोन वेळा द्या, एकदम नको, नाहीतर पोटशूळ. मीठ रोज ३० ग्रॅम. पाणी उन्हाळ्यात ४० लिटरच्या पुढेही जाते. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला दाखवा. धनुर्वाताची लस चुकवू नका, घोडा त्या रोगाला फार लवकर बळी पडतो. हा सगळा मासिक खर्च आधी कागदावर मांडा. घोडा सत्तर हजारांचा असो की पाच लाखांचा, त्याचे पोट सारखेच असते.

नऊ वर्षांच्या मुलासाठी मोठा घोडा नको. काय बघावे? (वाचक, दौंड)

तुमच्याच भागातला भीमथडी. भीमेच्या खोऱ्यात धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर ओझे वाहणारा हा बुटका, कणखर घोडा आता स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला आहे. माणसांत, मेंढरांत, रस्त्यावरच्या गाड्यांत वावरलेला असल्याने तो सहसा दचकत नाही. मात्र ओझ्याचा घोडा स्वाराच्या पायांचे इशारे ओळखत नाही. दोन-तीन महिने एखाद्या हलक्या, अनुभवी स्वाराकडून ते शिकवून घ्या. खोगीर त्याच्या रुंद पाठीच्या मापाचेच हवे. मोठ्या घोड्याचे खोगीर चालवून घेतलेत तर ते सरकेल आणि मूल त्याच्यासकट खाली येईल.