लकवा, वेड आणि वाकडं तोंड

एका अनुवादक ताईंचा प्रश्न आलाय. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या यॉर्कशरमधल्या वेड्यांच्या इस्पितळावरचा मजकूर त्या मराठीत आणतायत. तिथले कामावर जाणारे रुग्ण मेंदूच्या एका आजारानं पटापट मरतात. आजाराचं नाव 'जनरल पॅरालिसिस ऑफ द इन्सेन'. ताईंनी 'वेड्यांचा सामान्य लकवा' असं लिहिलंय आणि विचारलंय, चालेल का? शिवाय 'वर्किंग पेशंट'ला 'कामगार रुग्ण' म्हणावं का?

नाही चालणार. तीन शब्दांत दोन चुका आहेत, आणि उरलेला तिसरा शब्द मला इतका आवडतो की त्याच्यावर घसरणार हे आधीच सांगून ठेवतो.

आधी 'सामान्य'. 'जनरल' दिसलं की 'सामान्य' ठोकायचं, ही खोड परिभाषाकोश करणाऱ्यांनी आपल्याला लावली. 'सामान्य लकवा' म्हटल्यावर वाचकाला काय वाटेल? किरकोळ दिसतोय, काढा घेतला की उतरेल. प्रत्यक्षात हा आजार जडलेला माणूस बहुधा तीनेक वर्षांत संपायचा, आणि त्या काळी त्यातून कुणी उठत नसे. इथला 'जनरल' म्हणजे सगळ्या अंगभर पसरणारा. त्याला आपल्याकडे जुना, ठसठशीत शब्द आहे: सर्वांग. चरकाच्या वातव्याधीच्या अध्यायात एका अवयवाचा तो एकांग, अर्ध्या अंगाचा पक्षवध आणि सगळ्या देहाचा सर्वांग, असे वेगळे कप्पे आहेत. तोंड वाकडं होतं त्याला तर चौथंच नाव, अर्दित. इतकी शिस्त घरात असताना 'सामान्य' कशाला?

आता लकवा. या शब्दाचे हाल मला बघवत नाहीत. पेपरात 'धोरणलकवा', सभेत 'सही करायच्या हाताला लकवा भरलाय का', आणि शेजारच्या काकांचा अख्खा डावा भाग गेला तरी 'लकवा मारला'. अहो, लकवा हाताला भरतच नाही! लकवा तोंडाचा. शब्द अरबी, फारसीतून आपल्याकडे आला आणि जुन्या अरबी वैद्यकात त्याचा अर्थ एकच: चेहऱ्याची एक बाजू ओढली जाऊन तोंड वाकडं होणं. म्हणजे चरकाचं अर्दित. अर्धं अंग जातं त्याला अरबीत वेगळा शब्द आहे, फालिज. त्याचा धातू दोन भाग करणे, दुभंगणे या अर्थाचा. आपला पक्षाघात तरी काय सांगतो? पक्ष म्हणजे बाजू, अर्धा हिस्सा. महिन्याचे दोन पक्ष असतात तसे देहाचेही दोन. बगदादचा हकीम आणि आपला वैद्य दोघांनीही माणूस मधोमध उभा चिरून बघितला. आपण मात्र फालिज सीमेवरच ठेवला, एकटा लकवा आत घेतला आणि त्याच्याकडून दोघांचं काम करून घेतोय.

आमच्या आजीला यातलं काही लागायचं नाही. ओसरीवर तांदूळ निवडता निवडता ती एवढंच म्हणायची, "अमक्याच्या अंगावरनं वारं गेलं गं." झालं निदान. अर्धांगवायूतला वायू त्या वाक्यात जिवंत होता. हल्ली तेही गेलं. आता 'पॅरालिसिसचा अटॅक आला' म्हणतात.

एक गृहस्थ मला दर वेळी ऐकवतात की लकवा हा 'लचकणे'वरून आलेला शुद्ध देशी शब्द आहे. त्यांना हात जोडून विचारतो, मग मधला 'च' कुठे गेला, वाऱ्यावर? अरबी कोश उघडा. हीच अक्षरं तिथे गरुडालाही लावलेली सापडतील. रोगाचं नाव आणि गरुडाचं नाव एक का? माझं उत्तर: बाक. गरुडाची चोच वाकडी, रोग्याचं तोंड वाकडं. पटत नसेल तर सोडा, पण लचकण्यापेक्षा ही चोच मला बरी वाटते.

ताईंच्या तीन शब्दांतला मला आवडलेला शब्द आता आला: वेडा.

शाळेत पोरं एकमेकांना 'वेडावून दाखवतात'. काय करतात? ओठ तिरके करतात, जीभ काढतात, तोंड वाकडं करतात. वेड्यासारखं वागतात म्हणून वेडावणं, असं सगळे सांगतात. मी उलटं म्हणतो. 'वेडा' या शब्दाचा मूळ अर्थच वाकडा असावा आणि डोकं फिरलेला हा अर्थ मागाहून चिकटला असावा. नाहीतर घाटातल्या रस्त्याला 'वेडीवाकडी वळणं' कशी? रस्त्याला काय वेड लागलंय? 'अक्षर वेडंवाकडं', 'शर्ट वेडावाकडा कापला', 'वेडीवाकडी कशीतरी पोळी लाटली': यात डोक्याचा संबंध कुठे येतो? वेड हा वाकड्याचा जुळा भाऊ आहे. यावर एका प्राध्यापकांनी मला सुनावलं की जोडशब्दातला पहिला शब्द नुसता नादासाठी येतो. सर, नादासाठी येतो तो बहुधा दुसरा. भाकरीबिकरी, पाणीबिणी. पहिला क्वचितच नुसता नाद असतो.

लॅटिनचीही साक्ष काढतो. 'डिलिरियम' (भ्रमात बरळणं) हा डॉक्टरी शब्द 'लिरा'पासून आला, आणि लिरा म्हणजे नांगराचा तास, नांगरानं शेतात पाडलेली रेघ. तास सोडून नांगर भलतीकडे गेला, की डिलिरियम. म्हणजे रोमन शेतकऱ्यालाही वेड म्हणजे सरळ रेषा सुटणंच वाटलं.

तेव्हा ताई, 'वेड्यांचा लकवा' म्हणजे माझ्या हिशोबानं वाकड्यांचं वाकडं तोंड. गंमत म्हणून झकास, आजाराचं नाव म्हणून निरुपयोगी. त्या आजारात तोंड तसं वाकडं होत नाही. तो आजार वेगळाच आहे, आणि तो समजल्याशिवाय शब्द सापडायचा नाही.

१८२२ साली पॅरिसमध्ये बेल नावाच्या तरुण डॉक्टरानं दाखवून दिलं की काही रुग्णांचं वेड आणि त्यांच्या अंगाचा लुळेपणा हे दोन आजार नसून एकच आहे, आणि मेल्यावर मेंदूवरची आवरणं सुजलेली सापडतात. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या वेकफिल्डचं 'वेस्ट रायडिंग पॉपर ल्युनॅटिक असायलम', म्हणजे गरिबांसाठीचं वेड्यांचं इस्पितळ, १८१८ मध्ये सुरू झालं होतं. तिथे १८६६ ते १८७६ क्रायटन-ब्राउन प्रमुख असताना मेलेल्यांची कवटी उघडून मेंदू तपासणं हे रोजचं काम झालं. १८७१पासून इस्पितळाचे स्वतःचे वैद्यकीय अहवाल छापून निघू लागले आणि १८७३ मध्ये डेव्हिड फेरियर या डॉक्टरानं प्राण्यांच्या मेंदूवरचे आपले गाजलेले प्रयोग तिथेच केले. सर्वांग गेलेल्यांच्या मेंदूची आवरणं जाड होऊन खाली चिकटलेली असत. सोलायला जावं तर मेंदूचा पापुद्रा बरोबर निघून येई. मेंदू आक्रसलेला असे. आणि गावात मात्र या आजाराला 'मेंदू मऊ होणे' म्हणत! भाषेचं आणि वास्तवाचं जमत नाही ते असं.

सुरुवात फसवी. चाळिशीतला धडधाकट माणूस, एकदम खुशीत. आपल्याकडे कोट्यवधी पौंड आहेत, राणी आपली नातेवाईक आहे, हे इस्पितळही आपलंच आहे, असं सांगत शेतावर जोमानं राबणारा. डोळ्यांतल्या बाहुल्या उजेडात आकसत नाहीत, ओठ थरथरतात, पत्रातली अक्षरं गळतात. जीभ अडखळते का हे बघायला डॉक्टर 'ब्रिटिश कॉन्स्टिट्यूशन' म्हणायला लावत. आपल्याकडे हा आजार कुणी तपासला असता तर 'काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' पुरेसं होतं. काही महिन्यांत तोच माणूस कोटाचं बटण लावताना चाचपडतो, मग चालताना, मग अंथरुणावर. जरा शांत बसून बघितलं तर अंग जातं असं नाही. आधी अंगाचा ताळमेळ जातो. म्हणून काही डॉक्टर पुढे 'पॅरालिसिस' सोडून 'पॅरेसिस', अर्धवट लुळेपणा, म्हणू लागले. पॅरालिसिस हा शब्द ग्रीक 'ल्युओ'पासून, सैल सोडणे. आपला 'लुळा' आणि हा 'ल्युओ' एकाच घरचे असावेत, असा मोह मला एक अख्खी रात्र झाला. पण नाही. ल्युओचा सख्खा भाऊ संस्कृतात आहे तो 'लू', कापणे. त्यावरून लवित्र, म्हणजे विळा. लुळा वेगळ्या घरचा. आवडत्या कल्पना अशा माराव्या लागतात.

कारणाबद्दल मात्र डॉक्टरांनी अर्धं शतक घोळ घातला. दारू, अतिश्रम, काळजी, विषयासक्ती, गिरण्यांचा गोंगाट, काहीही. १८५७ मध्ये एस्मार्ख आणि येस्सेन या दोघांनी उपदंशाकडे, म्हणजे सिफिलिसकडे, बोट दाखवलं होतं, ते बराच काळ फारसं कुणी मनावर घेतलं नाही. अखेर १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांना अशा रुग्णांच्या मेंदूतच उपदंशाचे जंतू सापडले. लागण होऊन दहा-वीस वर्षांनी हा राक्षस वर येतो, म्हणून कुणाला धागा जुळत नव्हता.

उपदंशाचं नाव निघालं की मला फिरंग आठवतो. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात या रोगाचं नाव सरळ 'फिरंग' दिलंय, आणि तो फिरंगी पुरुषाच्या अंगसंगानं आणि फिरंगी बाईच्या सहवासानं होतो असंही सांगितलंय. औषध चोपचिनीची मुळी, तीही परदेशाहून आलेली. फिरंग म्हणजे मुळात फ्रँक (युरोपातले एक लोक), अरबीतला इफ्रंज, फारसीतला फरंग. इंग्रज याच रोगाला फ्रेंचांचा म्हणत, फ्रेंच नेपल्सचा म्हणत. दोष शेजाऱ्याला देणं ही सगळ्यांची जुनी सवय. आपण मात्र त्या शब्दातून तलवारही काढली. मराठ्यांची सरळ पात्याची फिरंग ती हीच. रोग एका हाताला, शस्त्र दुसऱ्या हाताला, नाव एक.

तर शब्द. माझी शिफारस 'वेड्यांचा सर्वांगघात'. पहिल्यांदा पूर्ण लिहा, मग इस्पितळातले लोक म्हणत तसं इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचं 'जी. पी. आय.' चालेल. 'मेंदूज्वर' लिहू नका. तो वेगळा आजार आहे, आणि डासांची आठवण झाली की वाचक वाट चुकतो.

आणि 'वर्किंग पेशंट', हो, ते राहिलंच. 'कामगार रुग्ण' म्हटलं की गिरणीतला माणूस आजारी पडला असं वाटतं. वेकफिल्डचे रुग्ण बहुतेक गरीब घरचे होतेच, 'पॉपर' नावातच आहे. पण इथे अर्थ आहे इस्पितळानं कामाला लावलेले. पहिले प्रमुख विल्यम एलिस आणि मेट्रन असलेल्या त्यांच्या पत्नी यांनी सुरुवातीपासून काम हाच इलाज मानला, आणि १८३१ मध्ये ते लंडनजवळच्या हॅनवेलच्या इस्पितळात गेले तेव्हा ती पद्धतही सोबत नेली. पुरुष शेत, बाग, शिवणकाम, चपला शिवणं, भट्टी. बायका धुणं, स्वयंपाकघर, सुईदोरा. मजुरी नाही. बदल्यात जास्तीचा चहा, तंबाखू, आणि बऱ्याच इस्पितळांत जेवणाबरोबर एक वाटा बिअर, तीही पुष्कळदा इस्पितळातच गाळलेली. 'कामावरचे रुग्ण' म्हणा. आणि तो बिअरचा वाटा मजकुरात आला तर त्याचं 'दारू' करू नका, 'शिधा' करा, कारण त्यांच्या लेखी तो शिधाच होता.