गावातूनच पुण्याची नोकरी?

प्रश्न : कंपनीने घरून काम चालेल म्हटलंय. पुण्याची खोली सोडून सेलूला घरी यावं का?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : भाडं आणि मेसचे पैसे वाचतील, हे खरंच. पण आधी विजेचा हिशोब करा. लॅपटॉप ६५, राउटर व फायबरचा डबा मिळून १५ आणि पंखा ७० वॅट, म्हणजे साधारण १५० वॅट. वीज गेली, तर इन्व्हर्टरची १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची नवी बॅटरी एवढ्यावर सात-आठ तास चालते. मात्र उन्हाळ्यात तिच्यातलं पाणी लवकर आटतं. दर महिन्याला पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं पाणी घातलं की बॅटरी गेलीच समजा. कूलर त्याच इन्व्हर्टरवर लावला तर वेळ निम्म्यावर येतो. पत्र्याखाली बसू नका, लॅपटॉप तापून मंदावतो. फायबर तुटल्यास दुसऱ्या कंपनीचं सिम हवं.

जुन्या करपद्धतीत असाल, तर भाडं थांबताच घरभाडे भत्त्यावरची सवलतही थांबते.

आणि हो, घरी दिसणारा माणूस रिकामाच, असं गावात धरतात. कामाच्या वेळा घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा. नोकरी नवी असेल, तर आमच्या मते सहा महिने पुण्यातच काढा.