किती पाट घ्यायचे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, मूर्तींचे फोटोही पाहिले. बसलेल्या गणपतीच्या डाव्या गुडघ्यावरून पितांबराची चूण तू जशी खाली सोडली आहेस, ती मी फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिली. कापडाला वजन आलंय. हे शिकवून येत नाही, तेव्हा हाताबद्दल मनात शंका ठेवू नकोस. पण तू विचारलंस ते वेगळं आहे. पुण्यातली नोकरी सोडून वेंगुर्ल्याच्या घरी यायचं आणि मातीकामावर पोट भरायचं, हे जमेल का? आई-बाबा काळजीत आहेत, मैत्रिणी 'मनाचं ऐक' म्हणतायत आणि तुला दोन्ही पटतंय. मी तुझ्यापुढे फक्त हिशेब मांडतो. शांतपणे वाच.

आषाढ लागला की आमच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागेत, पाट यायला लागतात. ज्या पाटावर घरचा गणपती बसवायचा तो लाकडी पाट गिऱ्हाईक स्वतः आणून देतं. कुणाचा फणसाचा, कुणाचा सागवानी, मागच्या बाजूला रंगाने घराण्याचं नाव आणि वाडी. तुझ्या आजोबांचा पाटही त्यातच असतो, त्याची एक कड घासून गोल झाली आहे. पाटाबरोबर त्या घराची सगळी मापं येतात. माटवी, म्हणजे देवावरची फळा-पानांची चौकट, किती उंचीवर बांधतात, खाली चौरंग आहे की कट्टा, वर टांगलेलं तवसं (मोठी काकडी) मुकुटाला लागेल का, मूर्ती डोक्यावरून शेताच्या बांधाने न्यायची की रिक्षातून. वर्षानुवर्षं पाट घेणाऱ्याला हे विचारावं लागत नाही. आणि गिऱ्हाईकही काही विचारत नाही. पाट टेकवला, 'गेल्या वर्षासारखोच हां' म्हटलं की झालं.

तुझ्या धंद्याचा पाया हा एवढाच आहे: न सांगता परत येणारे पाट. इन्स्टाग्रामवर तुझ्या मूर्तीला हजारोंनी पसंती दिली याचा मला खराच आनंद झाला, पण त्यातलं पुढच्या आषाढात कोण पाट घेऊन येईल ते तुला माहीत नाही. ज्याला आपल्या कलेवर जगायचंय त्याने परत येणारी माणसं मोजावीत. ती वाढत असतील तर धंदा चाललाय, कमी होत असतील तर कौतुक कितीही होवो, कुठेतरी गळती लागली आहे.

आता आकडे घे. समज, फूटभर उंचीच्या शाडूच्या मूर्तीला माती मळण्यापासून डोळे आखण्यापर्यंत तुझे 9 तास जातात. हातात 60 दिवस, रोज 10 तास काम. 600 तासांत 66 मूर्ती बसतात. काही तडकतील, दोन दिवस तू आजारी पडशील, म्हणून 60 पाट धर. एका मूर्तीचे 1800 रुपये घेतलेस आणि माती, रंग, वीज, बारदान यात 350 गेले, तर हातात 1450 उरतात. 60 पाटांचे झाले 87,000. बारा महिन्यांवर वाटलेस तर महिन्याला 7,250. हे आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत, तुझे तू बसव. पण बसवल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस.

हा आकडा बघून मनात लगेच येतं की 120 पाट घेऊ. इथेच नव्या मुलांची पडझड सुरू होते. मळायला, साच्यात माती भरायला, पाण्याचा ब्रश फिरवून अंग गुळगुळीत करायला माणूस ठेवता येतो. डोळे मात्र तुलाच आखावे लागतात. शेवटच्या आठवड्यात मूर्ती सगळ्या रंगून रांगेत उभ्या असतात आणि आखणारा हात एकच असतो. साठावा डोळा आणि एकशेविसावा डोळा सारखा उतरत नाही. बुबुळ केसभर वर सरकलं तरी देव भलतीकडे बघायला लागतो, आणि घरातली म्हातारी बाई ते उंबऱ्यातूनच ओळखते. ती तुला काही बोलणार नाही. पुढच्या वर्षी पाट दुसऱ्या शाळेत जाईल. म्हणून किती पाट घ्यायचे हे तुझे डोळे आखून होण्यावर ठरव, आलेल्या मागणीवर ठरवू नकोस. भरले की नाही म्हण, आणि जिथली मूर्ती चांगली असेल अशा शाळेचं नाव सांग. 'नाही' ऐकलेलं माणूस रागावत नाही, ज्याची मूर्ती उशिरा मिळते ते रागावतं.

तारखेबद्दल तर बोलायलाच नको. चित्रकाराचं प्रदर्शन पुढे ढकलता येतं, चतुर्थी ढकलता येत नाही. त्यात ती सरकते. 2023 ला अधिक श्रावणामुळे 19 सप्टेंबरला आली, 2025 ला 27 ऑगस्टला. लवकर आली की भर पावसात मूर्ती वाळवायच्या. श्रावणात चार-चार दिवस ऊन दिसत नाही, वरून कोरडी लागणारी मूर्ती पोटातून ओली असते. तशा मूर्तीवर पांढऱ्या रंगाचा हात मारलास की दोन दिवसांत पोपडे सुटतात, मग सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. पंचांग हातात आलं की आधी चतुर्थी बघ आणि तिथून मागे मोजत ये. शेवटची मूर्ती कधी वाळली पाहिजे, म्हणजे शेवटची मूर्ती कधी घडली पाहिजे, म्हणजे माती कधी घरात हवी. शाडू गुजरातेतून येतो, मे महिन्यातच मागवून ठेव. रस्ता बंद पडला तर पोत्यांची वाट बघत बसायची पाळी येऊ नये.

दरावर तू एकच ओळ लिहिली आहेस, 'पैसे मागायला लाज वाटते'. यावर मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

आपल्याकडे जुनी माणसं मूर्तीची किंमत विचारत नाहीत. नारळ, विडा आणि वर काही रक्कम ठेवतात, नमस्कार करतात, देव उचलतात. ही रीत मला मनापासून आवडते. पण ती ज्या काळात चालली त्या काळात मूर्तिकाराची भातशेती होती, माती शेतातली होती आणि गिऱ्हाईक दिवाळीला तांदळाची पोतीही पाठवत होतं. तुझी माती पोत्याच्या भावाने येणार, रंग डब्याच्या भावाने. तेव्हा पाट घेतानाच रक्कम सांग आणि वहीत लिही: नाव, उंची, बैठक, रंग, रक्कम, नेण्याची वेळ. चतुर्थीच्या आदल्या रात्री दारात उभा असलेला माणूस आपला देव न्यायला आलेला असतो, त्याच्याशी तेव्हा भावाची गोष्ट काढणं त्यालाही जड जातं आणि तुलाही. आषाढात सांगितलेली रक्कम कुणाला लागत नाही. जो वृद्ध माणूस 'किती देवचे?' (किती द्यायचे?) विचारणारच नाही, त्याला तू होऊन सांग, आवाज खाली न करता.

आणि नातेवाइकांना, ओळखीच्यांना चार-चारशे कमी करत बसू नकोस. 60 पाटांत 30 ओळखीचे असतात, त्यातच तुझा भादवा संपेल. गावात एखाद्या घरी त्या वर्षी अडचण असेल तर त्यांची मूर्ती पूर्ण फुकट दे आणि कुणाला कळू देऊ नकोस. बाकी सगळ्यांना एक दर.

पीओपीवाला, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती करणारा, स्वस्तात देतो हे तुला हमखास ऐकायला मिळेल. त्यावर सरकारी नियमाचा आधार घेऊ नकोस. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 साली पीओपीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती बनवण्यावरची बंदी उठवली आणि विसर्जनाला अटी घातल्या. नियम असे हलतात. गिऱ्हाइकाला ओल्या मातीचा गोळा हातात दे, कच्ची मूर्ती दाखव, तिला लागणारा वेळ सांग. ज्याला शाडूचा देव हवाय तो थांबतो.

मुंबई-पुण्याहून ऑर्डर येतील. सुरुवातीला त्या कमीच घे. शाडू जड आणि ठिसूळ, गाडीत एक धक्का बसला तर सोंडेचं टोक जातं. दुसरी वस्तू मोडली तर पैसे परत देऊन सुटता येतं, इथे घरात पूजेच्या आदल्या दिवशी भंगलेली मूर्ती उघडली जाते. त्या घरातल्या लोकांना जे वाटतं ते पैशाने भरून येत नाही. जो स्वतः येऊन नेईल त्याचीच ऑर्डर घे. चतुर्थीला गावी येणारे चाकरमानी आहेतच, त्यांना आधी धर.

आता उरलेल्या दहा महिन्यांचं. इथे तुझ्या पिढीला एक गोष्ट खटकते ती मला खटकत नाही. कला बाराही महिने पोसेल असं कोकणातल्या कलावंताने कधी मानलं नाही. दशावतारी नट पावसात शेती करतो आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पेटारा उचलतो. रात्री देवळासमोर राजा होणारा माणूस नांगरामागे चालला म्हणून त्याचं रूप उणं पडलं नाही. तूही वर्षाची अशीच मांडणी कर. तुला संगणकावर चित्रं करता येतात, ती कामं हिवाळ्यात घरून घे. देवळांची रंगकामं निघतात, जुन्या मुखवट्यांची डागडुजी निघते, शाळांमधून मातीकाम शिकवायला बोलावतात. रिसॉर्टवाले भिंतीवर मासे रंगवून मागतील, तेही रंगव, पण पैसे रोख घे. यातलं एकही काम कमी दर्जाचं नाही. फक्त आषाढापासून चतुर्थीपर्यंत दुसरं काही हातात ठेवू नकोस.

कुडाळजवळ पिंगुळीला जाऊन ये. ठाकर समाजातली चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची) आणि कळसूत्री बाहुल्यांची कला तिथे आहे. सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता तोवर देवळांतून खेळ होत, आश्रय गेला तसे प्रेक्षकही पांगले. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं आणि बघायला येणाऱ्यांसमोर बाहुल्या नाचवल्या. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यात पुरस्कारापेक्षा गोठा मोठा वाटतो. कोणी बोलवेल याची वाट न बघता, जे घरात होतं तिथेच त्यांनी मांडामांड केली. वेंगुर्ल्याच्या तुमच्या घराची पडवी रिकामी आहे ना?

दुसरं ठिकाण जरा लांब आहे, अलिबागजवळचं सासवणे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं घर. 1891 चा जन्म, घरात गणपती घडवले जायचे. त्यांनी देवळाच्या भिंतीवर काढलेला शिवाजी कलेक्टर ऑटो रॉथफिल्डने पाहिला आणि पोराला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पाठवलं. पुढे त्यांनी मोठमोठ्या माणसांचे पुतळे केले, 1928 मधला पुण्याचा अश्वारूढ शिवाजी त्यांचाच. पण सासवण्याच्या घरात तू 'मत्स्यगंधा' बघ. समोर बसलेली ती कोळीण कुणाच्या ऑर्डरीची वाटत नाही. पुतळ्यांच्या मागणीवर घर चाललं आणि त्याच हाताने ती घडली. म्हणून मी तुला सांगतो, वर्षातली एक मूर्ती कुणाच्याही पाटाची करू नकोस. तिला दर नाही, तारीख नाही, ती विकली नाही तरी चालेल. ती करायला वेळ उरला नाही तर त्या वर्षी पाट जास्त घेतले गेले असं समज आणि पुढच्या वर्षी कमी कर.

कागदपत्रांचं थोडक्यात. वही नीट ठेव, धंद्याचं बँक खातं वेगळं काढ, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, कर. पंतप्रधान विश्वकर्मा योजना सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाली, तिच्या 18 व्यवसायांत मूर्तिकार आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने पहिलं 1 लाखापर्यंतचं कर्ज मिळतं. त्यासाठी हा धंदा तू स्वतः आधीपासून करत असायला हवीस. पण पहिल्या वर्षी कर्ज काढू नकोस. मूर्तिकामाला यंत्रं फारशी लागत नाहीत, छप्पर न गळणारी जागा लागते.

तर नोकरी आत्ता सोडू नकोस. दोन चतुर्थ्या रजा काढून कर. पहिल्या वर्षी आमच्या शाळेत माझ्याबरोबर, दुसऱ्या वर्षी तुमच्या पडवीत, 15 पाट घेऊन, सगळी जबाबदारी तुझी. तिसऱ्या आषाढात त्या 15 मधले 12 परत आले आणि घरखर्चाचे आठ महिन्यांचे पैसे बाजूला असले, तर राजीनामा दे, आई-बाबांशी मी बोलतो. पाच-सहाच परत आले तर का आले नाहीत ते त्या घरी जाऊन विचार. अवघड वाटेल, पण तिथेच खरं कळतं, आणि आपल्याकडची माणसं चहा देऊन खरं सांगतात.

यंदा आलीस की पहिले पंधरा दिवस माती मळायची आणि दुसऱ्यांच्या मूर्ती पुसायच्या. रंगाला नंतर, डोळ्यांना तर यंदा नाहीच. आजोबांचा पाट तेवढा तू करशील, डोळे मी बाजूला बसून सांगेन तसे. रजा किती मिळते ते मेच्या आत कळव, त्या हिशेबाने मी माती मागवतो. येताना जुने सुती कपडे आण आणि केस बांधायला रुमाल. पावसाळी चपला इथेच मिळतात.

तुझा,
काका