सकाळी दहा वाजता जग कामाला लागलेलं असतं

प्रश्न : आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. गेली दोन वर्षं दोन्ही मुलांना मी घरीच शिकवते आहे. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी बारा. गणित-वाचन ठीक चाललंय. मध्यंतरी पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल होता. त्यांनी नातवाला विचारलं, "मोठेपणी कोण होणार?" तो म्हणाला, "कचऱ्याची गाडी चालवणार." त्या गप्पच झाल्या. नंतर ह्यांना वेगळा फोन करून म्हणाल्या, "त्याला शाळेत घाला बाबांनो." मुलगी तर दिवसभर कुठल्याशा काल्पनिक देशाचे नकाशे काढत बसते. मुलांच्या कल्पनेला वाव मिळेल आणि पुढे काय करायचं याचाही थोडा अंदाज येईल, असं घरच्या घरी काय करता येईल? मी स्वतः नाशिकला आर्किटेक्ट होते, इथे जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर आहे, त्यामुळे वेळ भरपूर आहे.

उत्तर : सासूबाईंवर रागावू नका. त्यांच्या आधीच्या पिढ्यांत माणसाचं काम जन्माने ठरायचं. आपल्या पिढीत ते बारावीच्या मार्कांनी ठरलं. आवड विचारात घेऊन काम निवडायचं असतं, ही गोष्ट आपल्या घरांत अजून नवीच आहे. त्यात 'कोण होणार' या प्रश्नाची उत्तरं त्यांच्या मनात तीन-चारच, आणि कचऱ्याची गाडी त्यांत बसत नाही.

पण मुलाने हेच काम का निवडलं, याचा विचार केलात का? मला विचाराल तर, त्याला दिसणारं ते एकमेव काम आहे. बाबा काम करतात म्हणजे काय करतात? कानाला हेडफोन लावून बंद दाराआड बोलतात, आणि आपण मुलांना "शू, मीटिंग चाललीय" म्हणतो. ओळखीच्या दहा घरांपैकी आठ घरांतले बाबा, आणि बऱ्याचशा आयाही, हेच करतात. आपण लहानपणी शाळेतून घरी येताना वाटेत पिठाची गिरणी होती, शिंपी होता, पंक्चरवाला पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचा, कल्हईवाला भाता मारायचा, उसाचा चरक फिरायचा. करिअर गायडन्स हा शब्दही कुणाला माहीत नव्हता, पण माणसं हातांनी काय काय करतात हे रोज फुकट बघायला मिळायचं. अमेरिकन उपनगरात हे सगळं गायब. काम कुठेतरी गोदामात, कुंपणापलीकडे, हायवेच्या कडेला चालतं. दारापर्यंत येऊन, आवाज करत, डोळ्यांसमोर होतं ते आठवड्यातून एकदा येणाऱ्या त्या गाडीचंच. पोराची निवड मला तरी अगदी रास्त वाटते.

घरी शिकवणाऱ्यांच्या हातात एक मोठी गोष्ट असते आणि बहुतेक जण ती वापरतच नाहीत. मंगळवारी सकाळी दहा वाजता जग कामाला लागलेलं असतं. शाळेतली मुलं तेव्हा वर्गात बसलेली असतात, तुमची मोकळी असतात. बेकरी, फायर स्टेशन, शहराचं पाणी शुद्ध करणारं केंद्र, टायरचं दुकान, चौकटी करून देणारा सुतार यांना आधी फोन करा आणि गर्दी नसलेली वेळ विचारा. महिन्यातून एक जागा पुरे.

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण इतर देशांतूनही पत्रं येतात. टेक्ससमध्ये घरची शाळा ही खाजगी शाळाच मानली जाते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली ते पक्कं केलं. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व एवढं मनापासून शिकवलंत की बाकी वेळ तुमचा. पेनसिल्व्हेनिया किंवा न्यूयॉर्कमध्ये वही-हिशोब बराच ठेवावा लागतो. जर्मनीत मुलांनी शाळेत जाणं सक्तीचं आहे, तिथल्या वाचकांनी यातलं जे जमेल ते शनिवारी करावं.

आता गाडी. हा महिना तिलाच द्या. पहिल्या आठवड्यात नुसतं बघायचं. मुलाला खुर्ची, घड्याळ आणि वही घेऊन दारात बसवा. तुमच्याकडे बहुधा बाजूने यांत्रिक हात बाहेर काढणारी गाडी येत असेल. तो हात डबा कवेत घेतो, वर नेऊन उलटा करतो, परत ठेवतो. एका डब्याला किती सेकंद? गल्लीत घरं किती? मग आपल्या गल्लीला किती मिनिटं? हे गणित त्याला कुणी करायला लावावं लागणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात तो हात घरी बनवा. तापाच्या औषधाबरोबर येतात त्या प्लास्टिकच्या सिरिंज तुमच्या ड्रॉवरमध्ये नक्की साठलेल्या असतील. एक लहान, एक मोठी घ्या. माशांच्या टाकीला लागते तशी बारीक नळी घेऊन दोन्ही जोडा आणि आत पाणी भरा. लहान सिरिंजचा दट्ट्या ढकलला की मोठीचा वर येतो, थोडासाच येतो, पण जोरात येतो. मग मोठीवर बाबांचा अंगठा ठेवा आणि लहानीवर मुलाचा. कोण जिंकतं ते त्याचं त्यालाच कळू द्या. बाबांची मीटिंग असेल तर ती पुढे ढकला, हे बघण्यासारखं असतं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं लिबलिबीत होतं आणि जोर पोचत नाही. तो बुडबुडा काढताना मुलं ओलीचिंब होतात, पण हायड्रॉलिक्स, म्हणजे द्रवाच्या दाबाने जोर पोचवणं, काय असतं हे कायमचं समजतं. खोक्याच्या पुठ्ठ्याचा हात करून त्याला ही सिरिंज बसवली की दह्याचा रिकामा डबा उचलता येतो.

तिसऱ्या आठवड्यात घरचा कचरा रोज वजनकाट्यावर ठेवा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या आकड्यांप्रमाणे इथे माणशी रोज ४.९ पौंड, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास कचरा होतो. तुमचा किती होतो ते त्याने सांगावं.

आणि मग सासूबाईंना फोन लावा. पुण्यात दारावर कचरा घ्यायला 'स्वच्छ' संस्थेच्या ताई येतात. कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे ती. १९९३ साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, त्यातून पुढे झालेली. टेक्ससमध्ये एक माणूस लोखंडी हाताने सगळं एकत्र उचलतो, पुण्यात ताई हाताने ओलं-सुकं वेगळं करतात, विकण्याजोगं बाजूला काढतात. आजींना नातवाचे चार प्रश्न द्या आणि त्यांनी उद्या सकाळी ताईंना विचारून त्याला सांगावं, असं म्हणा. ताईंच्या घाईच्या वेळी नको, आणि विचारताना चहा द्यायला विसरू नका म्हणावं.

प्रश्न कोणते, हे मात्र महत्त्वाचं. "तुम्हाला तुमचं काम आवडतं का?" असं मुलाने विचारलं की मोठी माणसं गोड गोड उत्तर देतात आणि काहीच हाती लागत नाही. त्यापेक्षा विचारायचं : काल सकाळी दहा वाजता तुमच्या हातात काय होतं? कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता? तुमची चूक झाली तर कोणाचं काय बिघडतं? हे तुम्हाला शिकवलं कोणी? हेच प्रश्न घेऊन मंडळाच्या गणपतीला जा. पन्नास माणसं जमली असतील तर पस्तीस संगणकातली निघतील. उरलेली पंधरा मुलांना हुडकायला सांगा. आमच्याकडे एकदा असंच शोधताना कळलं की दर वर्षी मोदकांचं सारण करणाऱ्या काकू रात्रपाळीला इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासतात. बारा वर्षं आम्ही त्यांचे मोदक खात होतो आणि कुणी विचारलं नव्हतं. मंडळींनी हे सगळं मराठीत विचारलं-सांगितलं तर मुलांच्या मराठीला 'बस, खा, झोप' याच्या पलीकडचे शब्द मिळतील. दट्ट्या हा शब्द तुमच्या मुलाला आता आयुष्यभर लक्षात राहील.

इथे माझी एक चूक सांगते. माझा मुलगा सात वर्षांचा असताना दिवसभर खोट्या हॉटेलाचा खेळ खेळायचा. सोफ्यामागे स्वयंपाकघर, मेनूकार्ड हाताने लिहिलेलं, त्यात 'आज डोसा नाही' अशी पाटी. मला उत्साह आला. मुलांच्या पाककलेचा वर्ग लावला, खरी छोटी सुरी आणली, भिंतीवर तक्ता चिकटवला, पदार्थागणिक चांदणी. तीन आठवड्यांत हॉटेल बंद पडलं. तो म्हणाला, "आई, आता ते तुझं झालंय." तेव्हापासून मी भातुकलीचा अभ्यासक्रम करणाऱ्या आयांना सावध करत असते. खेळात लागेल ती वस्तू पुरवायची, प्रश्न आला तर उत्तर शोधायला मदत करायची, बाकी दूर राहायचं. गाडीचा महिना दहाव्या दिवशीच संपला आणि पोरगा डायनासोरकडे वळला, तर वळू द्या. सिरिंज कुठे पळून जात नाहीत.

मुलीचे नकाशे मला फार आवडले, न बघताच. तिला कुणी बाराव्या वर्षी देश रचायला सांगितला नव्हता, तिने रचलाय. थांबवू नका. फक्त एकदा विचारा : तुझ्या राजधानीत पाणी कुठून येतं? मालवणसमोर समुद्रात १६६४ साली सिंधुदुर्ग बांधायला घेतला. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. डोंगरी किल्ल्यांवर बांधकामासाठी खडक फोडला की त्याच खड्ड्यांची पाण्याची टाकी व्हायची. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतली जिंजी. त्या बारांतला एकेक घेऊन 'इथे पाणी कुठे साठवलं असेल' हे शोधण्यात तिचा अख्खा हिवाळा जाईल.

दिवाळीचा किल्ला यंदा तिच्याच देशाचा करा. आधी पारदर्शक खोक्यात मातीचा डोंगर. मग एकेक सेंटिमीटर पाणी ओतायचं आणि दर वेळी पाण्याच्या कडेला काडीने रेघ ओढायची. शेवटी पाणी काढून, खोक्यावर पारदर्शक झाकण ठेवून, वरून एक डोळा मिटून त्या रेघा पेनने उतरवायच्या. या झाल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या. भूगोलाच्या पुस्तकात आपण ज्या पाठ केल्या आणि कधीच कळल्या नाहीत, त्याच. नंतर ओपनटोपोमॅप या इंटरनेटवरच्या नकाशावर तुमच्या गावाच्या रेषा बघा, एकमेकींपासून लांब लांब असतील. मग रायगडाच्या बघा, दाटीवाटीने चिकटलेल्या. कड्यांची भीती नकाशावर कशी दिसते ते तिला सांगावं लागणार नाही.

मातीबद्दल एक गंमत. डॅलसच्या पट्ट्यातली काळी चिकण माती ही आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीची चुलत बहीणच म्हणायची. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. उन्हाळ्यात घराच्या पायाभोवतीची जमीन कोरडी पडू नये म्हणून तुमच्याकडे लोक पायाला पाणी घालतात ते याच कारणाने. अंगणातली माती घेऊन केलेला किल्ला चार दिवसांत तडकेल. तडकू दे. दुसरा करताना वाळू किती मिसळायची, याचे तीन-चार छोटे गोळे करून ती वाळवून बघेल. अशा मातीवर घर कसं उभं करायचं हे ठरवायला पगार घेऊन माणसं नेमतात, हे तिला तेव्हाच सांगा, आधी नको. पुढे तिला वाटलं तर अमेरिकेच्या कामगार खात्याचं ऑक्युपेशनल आउटलुक हँडबुक इंटरनेटवर फुकट आहे. शेकडो कामांना शिक्षण किती लागतं, पगार किती मिळतो, सगळं त्यात आहे. बारा वर्षांच्या मुलीला ते वाचता येतं.

काळ्या मातीवरच्या पायाबद्दल मी तुम्हाला काय सांगणार म्हणा. तुमच्या पत्राची शेवटची ओळ मी तीनदा वाचली. 'आर्किटेक्ट होते.' कामाच्या परवान्याचं काय ते तुमचं तुम्हाला ठाऊक, त्यात मी पडत नाही. पण मुलांनी तुम्हाला ड्रॉइंग करताना कधी पाहिलंय का? नकाशे काढणाऱ्या मुलीच्या घरात नकाशे काढणारी आई आहे, आणि मला वाटतं पोरीला ते नुसतं ऐकून माहीत असावं. तुमची टी-स्क्वेअर आणि स्केल नाशिकलाच माळ्यावर असतील तर सासूबाईंना सांगू नका, तुमच्या आईला सांगा, येणाऱ्याबरोबर पाठवतील. तोवर मोजायची टेप आणि चौकटीचा कागद पुरे.

येत्या सोमवारी दहा वाजता तुम्ही दोघींनी राहत्या घराचा प्लॅन काढायला घ्या. टेपचं एक टोक तिच्या हातात द्या. माप फूट-इंचांत घ्या आणि मीटरमध्ये तिला करू द्या. सुरुवात स्वयंपाकघरापासून करा, तिथे कोपरे जास्त असतात.