निगेटिव्ह आले, पण बरी कुठे झाले?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४६. कोविड झाला त्याला आज २४ दिवस झाले. सगळं घरीच निभावलं. पाचव्या दिवशी ताप उतरला, दहाव्या दिवशी चाचणी निगेटिव्ह आली. गेल्या रविवारी बऱ्याच दिवसांनी मोकळं वाटलं, म्हणून साठलेले कपडे धुतले, दोन कपाटं आवरली, जिनाही पुसून काढला. सोमवारी ठीक होते. मंगळवारी उठून बसवेना. अंग ठेचल्यासारखं, डोकं जड, वाचलेली ओळ लक्षात राहीना. ऑक्सिजन मात्र ९७. घरातले म्हणतात, ‘आकडा चांगलाय, तू मनाने घेतलंयस.’ आता मलाही तसंच वाटायला लागलंय. रोज थोडं थोडं काम वाढवून ताकद आणू की पडून राहू?
ता. क. : भावाच्या आजारपणातल्या स्टेरॉइडच्या गोळ्या घरात उरल्या आहेत. घेऊ का?

उत्तर : ताज्या कलमापासून सुरुवात करते, कारण घाई तिथेच आहे. त्या गोळ्या घेऊ नका. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, हे खरं. पण ज्यांना ऑक्सिजन लावावाच लागला नव्हता, त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. कल उलट नुकसानीकडेच होता. तुम्ही या दुसऱ्या गटातल्या. भावाला ज्या गोळीने तारलं, ती तुमची साखर तेवढी वाढवेल.

आता तुमचे ९७. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती टक्के भरलंय, एवढंच ऑक्सिमीटरचा (बोटाला लावायच्या यंत्राचा) हा आकडा सांगतो. स्नायू तो ऑक्सिजन कसा वापरतात, याची त्याला खबर नसते. पहिल्या दहाबारा दिवसांत फुप्फुसं गुपचूप दगा देत नाहीत ना, यावर पाळत ठेवायला ते यंत्र चांगलं. मला कोविड झाला तेव्हा मीसुद्धा ते उशाशी घेऊन झोपत होते. एकदा पहाटे ८९ दिसलं आणि माझी पाचावर धारण बसली. मग लक्षात आलं, बोटं गार पडली होती. हात चोळून, मिनिटभर स्थिर धरून पाहिलं तर ९६. (नखांवर रंग असला तरी आकडा चुकू शकतो.)

तुमचा खरा प्रश्न रविवार आणि मंगळवारच्या मधल्या सोमवारात आहे. विषाणूच्या आजारानंतर काहींना श्रमाचं बिल उशिरा येतं, कधी १२ तासांनी, कधी ४८. सोमवार बरा गेला, म्हणून रविवारच्या कपाटांवर कोणी संशय घेत नाही आणि दोष तुमच्या मनाच्या माथी येतो.

मी रुग्णांना वर्षानुवर्षं ‘दमाने घ्या’ सांगत आले आणि स्वतः अठराव्या दिवशी तीन मजले चढून दवाखान्यात गेले. तिसऱ्या दिवशी केस विंचरायला हात उचलवेना. तेव्हा कुठे वही घातली. केलेलं काम एका बाजूला, पुढच्या दोन दिवसांचा हाल दुसऱ्या बाजूला. आठवड्याभरात कळलं की मला जिन्यापेक्षा उभ्याने केलेली अंघोळ महाग पडतेय. न्हाणीघरात स्टूल ठेवलं आणि निम्मी दुपार परत मिळाली.

तुम्हीही वही घाला. कामाला दहा मिनिटांचा गजर लावा आणि गजर झाला की थांबा, दमायची वाट पाहू नका. तेव्हाच थांबणं सगळ्यात जड जातं, कारण बरं वाटत असतं! मग डोळे मिटून पडा. मोबाइल बघणं ही विश्रांती नव्हे. चांगला दिवस उगवला तरी काम नेहमीच्या दिवसाइतकंच. आठवडाभर कोसळला नाहीत, तर दोन मिनिटं वाढवा. पण अंथरूणही धरू नका, स्नायू झडतात.

घरात चालल्यावर ऑक्सिजन तीनचार अंकांनी खाली आला किंवा ९४ च्या खाली गेला, तर डॉक्टरांना कळवा. बसल्याजागी धाप, छातीत दुखणं किंवा एकाच पोटरीला सूज असेल, तर त्याच दिवशी दाखवा. आणखी तीनेक आठवड्यांत सुधारणा नसेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासून घ्या; सगळं खापर कोविडवर फोडू नये. लाँग कोविड, म्हणजे कोविडनंतर महिनोन्महिने रेंगाळणारा त्रास, म्हणायला अजून वेळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या तीन महिन्यांच्या आसपासची आहे.

मनाने घेतलंय म्हणणाऱ्यांपुढे ती वही ठेवा.

प्रश्न : कोविडमध्ये गेलेला वास दोन महिन्यांनी परत आला, पण आता साबणालाही जळका वास येतो. हे उलटंच काहीतरी होतंय का?

उत्तर : उलटं नाही, बहुधा दुरुस्ती चालू आहे. विषाणू मुख्यतः वासाच्या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. चेतातंतू नव्याने जुळताना काही काळ संदेश चुकीचे जातात. जर्मनीतले वासाचे संशोधक थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेला सराव करून पाहा : गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांच्या तेलांचा वास, प्रत्येकी दहावीस सेकंद, सकाळ-संध्याकाळ, किमान १२ आठवडे. बाटलीवरचं नाव वाचत, तो वास आठवत हुंगा. आणि तोवर गॅस गळतोय का, हे घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी नाकाने तपासा.