ट्रॉलीची पिन का उडते?

प्रश्न: आमची दोन चाकी ट्रॉली आहे, सीझनला ऊस घेऊन कारखान्यावर फेऱ्या असतात. मागं गावातल्या एकाची भरलेली ट्रॉली स्पीडब्रेकरवर पिन उडून सुटली आणि चरीत गेली, कुणाला लागलं नाही. यंदा आमचा मुलगा ट्रॅक्टर चालवणार आहे, जोडताना नक्की काय बघायचं?
– एक वाचक, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर: दादा, ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरला अडकवणारी पिन बहुतेकदा उडते ती खाली क्लिप नसते म्हणून. खड्ड्यात ट्रॉलीची दांडी वर उचलते, तिच्याबरोबर पिन थोडी थोडी वर सरकते आणि एखाद्या दणक्यात बाहेर. क्लिप हरवली की आपल्याकडं तार पिळतात नाहीतर वाकडा खिळा घालतात, ते अजिबात करू देऊ नका, तार झिजून तुटते आणि चालवणाऱ्याचं तोंड पुढं असल्यामुळं त्याला पत्ताही लागत नाही. जादा क्लिपा टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा, महाग नसतात.

पिन हातात घेऊन बघा, दांडीचा डोळा जिथं घासतो तिथं बोटाला खाच लागली तर ती पिन बाद. डोळ्याचं भोक लांबट झालं असेल तर तेही वर्कशॉपमधनं करून घ्या, कारण ढिल्या भोकात नवी पिनसुद्धा दणके खाऊन लवकर जाते. जोडीला दांडीपासनं ट्रॅक्टरला जाड साखळी हवीच, वळताना ताणणार नाही एवढी सैल आणि रस्त्याला घासणार नाही एवढी आखूड.

आता सगळ्यात धोक्याचं सांगतो. ट्रॅक्टर मागं येत असताना मध्ये उभं राहून कुणीही दांडी धरायची नाही, माणूस चेंगरतो तो इथंच. ट्रॉलीच्या चाकांना उटी, म्हणजे दगड नाहीतर लाकडाचा ठोकळा लावा, ट्रॅक्टर थांबू दे, न्यूट्रल, हँडब्रेक, मगच आत जाऊन पिन घालायची. उटी तशीच ठेवून लो गिअरला अलगद थोडं ओढून बघा, मग उटी काढा.

आणि ट्रॉली जोडायची ती ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ओढपट्टीला, म्हणजे ड्रॉबारलाच, अवजाराचा वरचा दांडा बसतो त्या टॉप लिंकच्या जागी नाही, तिथनं ओढ बसली की पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागं उलटतो.

रस्त्याला लागण्याआधी दोन्ही ब्रेकचे पेडल जोडून घ्या, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून भरली ट्रॉली आडवी होते. ऊस मागच्या बाजूला जास्त भरू देऊ नका, दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते. मागं लोंबणाऱ्या वाढ्यांनी टेललाइट झाकलेत का तेही बघा, रात्री हायवेला मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला तेवढाच लाल उजेड दिसतो.