ट्यूब गेली म्हणण्याआधी बेस बघा

प्रश्न: नमस्कार दादा, बाबांनी २००२ साली घेतलेला १७ इंची पेटीवाला मॉनिटर अजून आमच्याकडे आहे, मुलगा त्याच्यावर जुने गेम खेळतो, एलसीडीवर त्याला ती मजा येत नाही. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी लावला की अक्षरं धूसर दिसतात, अर्ध्या तासाने आपोआप बरी होतात. मेकॅनिक म्हणतो पिक्चर ट्यूब वीक झाली, बूस्टर मारूया. मारू का? ट्यूब अजून काही वर्षं टिकवायला काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: बूस्टर अजिबात नको. निदान आत्ता तरी नको.

ट्यूब वीक झाली की चित्र काळवंडतं, उजेड यायला पाच-दहा मिनिटं लागतात, पांढऱ्या जागी चंदेरी झाक मारते, नाहीतर तीन रंगांतला एक मागे पडतो, लाल दमला तर सगळंच निळसर-हिरवं. तुमची तर अक्षरं फुटतायत, म्हणजे गडबड फोकसमध्ये. ट्यूबच्या मानेवर मागून जो बेस बसतो त्यात फोकसच्या पिनेला काही हजार व्होल्ट असतात, आणि आपल्या गोव्याची हवा तुम्हाला माहीत आहे, जून लागला की पापड तासात सादळतो, तीच ओल त्या बेसमध्ये शिरते, पिनेवर गंज चढतो आणि व्होल्टेज लीक होतं. सेट तापला की ओल सुकते आणि अक्षरं परत स्वच्छ. माझ्याकडे असाच एक मॉनिटर आला होता, बेस उघडला तर फोकसच्या कप्प्यात हिरवट भुकटी जमलेली, चांगल्या ट्यूबला लोक भंगारात काढायला निघाले होते! बेस बदलायला सांगा, खर्च ट्यूबच्या मानाने काहीच नाही, फक्त पिना जुळणारा हवा.

आता बूस्टरला एवढा विरोध का, तर मानेत तीन बारीक कॅथोड असतात, त्यांच्यावर बेरियम-स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचा लेप असतो, ६.३ व्होल्टचा हीटर तो तापवतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. लेप झिजला की ट्यूब म्हातारी. बूस्टर हीटरला जास्त व्होल्टेज देतो, चित्र एकदम झळकतं, मेकॅनिक पैसे घेऊन जातो, पण उरलेला लेप दुप्पट घाईने संपतो. खरोखर मरायला टेकलेल्या ट्यूबवर शेवटचा उपाय म्हणून ठीक, तुमच्या ट्यूबवर नाही. कधी पुढे चित्र अंधुक वाटलंच तरी आधी हीटरचे व्होल्ट मोजून घ्या, कंडेन्सर सुकला किंवा सोल्डर सुटला तरी व्होल्टेज पडतं आणि धडधाकट ट्यूब वीक दिसते. मॉनिटरमध्ये हा सप्लाय बहुतेक डीसी असतो म्हणून साध्या मल्टिमीटरवर कळतं, टीव्हीत तो एलओटीवरून, म्हणजे ट्यूबचं हाय व्होल्टेज बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून येतो, तिथे साधा मीटर फसवतो.

टिकवायचं म्हणाल तर कॉन्ट्रास्ट उतरवा, दिवसा पडदा ओढून घ्या म्हणजे कमी उजेडात भागतं. डेस्कटॉप काळा ठेवा, दहा मिनिटं कोणी हात लावला नाही तर मॉनिटर बंद व्हायचं सेटिंग करा, रंगीबेरंगी स्क्रीनसेव्हरने कॅथोडला विश्रांती मिळत नाही. गेममधली स्कोअरची पट्टी तासन्‌तास एका जागी राहिली तर काचेवर कायमचा डाग पडतो, तेव्हा मुलाला अधूनमधून उठवा. पावसाळ्यात रोज तासभर तरी लावाच, बंद पडून राहिलेल्या सेटला ओल जास्त खाते. आणि गरम सेटवर लगेच प्लास्टिकचं कव्हर घालू नका.

मागचं झाकण स्वतः मात्र उघडू नका, कृपा करून. ट्यूबवर २५ हजार व्होल्टच्या आसपास चढलेले असतात, प्लग काढला तरी ते राहतात, शिवाय मान इतकी नाजूक की जरा धक्का लागला तर आत हवा शिरून ट्यूब कायमची गेली.

प्रश्न: आमच्याकडे पावसात लाईट सारखी जाते-येते. मॉनिटरचं बटण चालूच ठेवलं तर चालेल का?
– एक वाचक, वास्को

उत्तर: नाही, लाईट गेली की लगेच बटण बंद करा. परत आल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, सुरुवातीला व्होल्टेज उड्या मारतं. आत डिगॉसचा, म्हणजे चालू करताना ट्यूबवरचं चुंबकत्व घालवण्याच्या सोयीचा, एक थर्मिस्टरही असतो (तापला की करंट अडवणारा भाग), तो गार झाल्याशिवाय डिगॉस नीट होत नाही आणि कोपऱ्यात रंगाचे पट्टे राहतात, ते बघून लोकांना वाटतं ट्यूबच गेली.